उतरता खांदा

काकांच्या दुकानात आरसा नव्हता. चौक गावच्या नाक्यावर, जुन्या हायवेला लागून त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. गिऱ्हाईक नवा शर्ट अंगात घालायचं, बटणं लावायचं आणि इकडेतिकडे बघायचं.

"आरसा कुठाय, काका?"

"मी हाय ना. मी सांगतो. बसलाय."

काही जण हसून पैसे देऊन जायचे, काही कुरकुर करत पलीकडच्या केशकर्तनालयात जाऊन बघून यायचे. शर्ट बसलेला असायचाच. पन्नासेक वर्षांत त्यांच्याकडे कापड बिघडल्याची तक्रार घेऊन कुणी आलं नव्हतं. माप घेताना ते माणसाच्या मागे उभे राहत आणि आकडा मोठ्याने बोलत नसत. ओठ हलायचे, आवाज नाही. मग वही उघडून उजवीकडून डावीकडे काहीतरी लिहायचे. मला आधी वाटलं ही शिंप्यांची काही खास लिपी असेल. नंतर कळलं, ती हिब्रू अक्षरं होती.

मी साताऱ्याकडचा. मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये लागलो आणि लोधिवलीत त्यांच्या घराची माडी भाड्याने घेतली. खाली ते आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघंच. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. दाराच्या चौकटीवर तिरकी लावलेली, आत धर्मवचनांचा कागद असलेली एक छोटी पितळी नळी होती, तिला बोटं लावून ते घरात शिरायचे. पहिल्या शनिवारी दुकान बंद दिसलं, चूल थंड दिसली, तेव्हा मी विचारलं. म्हणाले, "आमी बेने इस्राएल. शनवार पाळतो." आपल्याकडचे ज्यू. शेकडो वर्षं या जिल्ह्यात राहिलेले. बोलणं-चालणं गावासारखंच, जेवणात तांदळाची भाकरी आणि नारळाचं दूध घातलेली मच्छीची आमटी. गावात त्यांच्या समाजाची पूर्वी सहा-सात घरं होती म्हणे. बाकीचे सगळे इस्राएलला निघून गेले होते. हे दोघे राहिले होते, आणि का राहिले ते मला पुढे बऱ्याच उशिरा कळलं.

माझी साप्ताहिक सुट्टी शनिवारीच यायची. सकाळी ते ओटीवर आरामखुर्चीत बसत, मांडीवर जाडजूड पोथी, मराठीतली. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसायचो. एकदा त्यांनी मला एकदम विचारलं,

"अब्राहाम दिसायला कसा होता, सांग."

मला अब्राहामाबद्दल कॅलेंडरवरच्या चित्रापलीकडे काही माहीत नव्हतं. म्हटलं, "उंच असेल. पांढरी दाढी."

"कुठं लिहिलंय?"

"नसेल लिहिलेलं. वाटलं आपलं."

"नायच लिहिलेलं," ते म्हणाले. "उंच, ठेंगणा, काळा, गोरा, कायच नाय. अख्ख्या ग्रंथात नाक नाय कुणाचं, हनुवटी नाय. एवढी हजारो माणसं, पण अंगाबद्दल ग्रंथ बोलत नाय. आणि बोलला ना, की समजायचं, त्या माणसाचं आता काय खरं नाय."

मग त्या शनिवारी आणि पुढच्या कितीतरी शनिवारी त्यांनी मला ती माणसं एकेक करून दाखवली. 'दाखवली' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. अबशालोम नावाचा राजपुत्र होता, देखणा, तळपायापासून टाळूपर्यंत कुठे खोट नाही. त्याच्या केसांचं वजन सुद्धा ग्रंथात दिलंय. पुढे लढाईत तो खेचरावरून पळत असताना त्याचं डोकं झाडाच्या फांद्यांत अडकलं, खालून खेचर निघून गेलं, आणि तो तसाच अधांतरी लटकला असताना त्याला मारलं. एली नावाचा म्हातारा पुरोहित अंगाने जड होता, असं ग्रंथ एकदाच सांगतो. कधी सांगतो, तर तो वाईट बातमी ऐकून आसनावरून मागे पडला आणि मान मोडून मेला तेव्हा. इसहाकाचे डोळे मंद झाले हे सांगितलंय, कारण त्याच मंद डोळ्यांमुळे तो पोटच्या मुलाकडून फसवला गेला.

"शौल राजा," ते म्हणाले, "लोकांत उभा राहिला की खांद्यापासून वर सगळ्यांपेक्षा उंच. हे त्याला राजा करायच्या आधीच लिहून ठेवलंय. आणि मरायच्या आदल्या दिवशी काय झालं? वाईट ऐकलं आणि पडला. नुसता पडला नाय. सगळ्या उंचीनिशी पडला, असं लिहिलंय."

हे बोलताना ते खुर्चीतून उठले. काका अंगाने किरकोळ, माझ्या कानाएवढे. ते ओटीच्या मधोमध उभे राहिले, मान ताठ केली, खांदे मागे घेतले आणि माझ्याकडे बघितलं. काय झालं मला नीट सांगता येणार नाही. मी पायरीवर बसलो होतो हे खरं, त्यामुळे ते उंच वाटणं साहजिक होतं. पण मला आठवतं ते असं की त्यांचं डोकं ओटीच्या वाशाला लागेल म्हणून मी हातातला कप खाली ठेवला आणि उठायला गेलो. तेवढ्यात ते मटकन खाली बसले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हितं शेण सारवलंय नीट, पण गार लागतं."

आतल्या खोलीच्या दारात धाकटे काका उभे होते. त्यांनी हे सगळं पाहिलं असावं. ते वळून परत आत गेले.

रूप सांगितलं की त्या माणसाचं काही खरं नाही, या समजुतीमुळे काका गावात विक्षिप्त म्हणूनच ओळखले जायचे. एकदा एक बाई बाळाला घेऊन झबलं शिवायला आली. कौतुकाने म्हणाली, "नाक बघा काका, अगदी आजोबांचं घेतलंय." काकांनी मशीन थांबवलं. "बाई, नका सांगू," म्हणाले. तिला वाटलं दृष्टीबिष्टीचं काही असेल. ती म्हणाली, "काजळ लावलंय की." तेव्हा काका म्हणाले, "दृष्ट बघणाऱ्याची लागते. मी सांगणाऱ्याचं बोलतोय." बाई कापड उचलून दुसऱ्या दुकानात गेली. आधार कार्डाच्या फोटोला त्यांनी तीनदा डोळे मिटले. शेवटी तिथला मुलगा वैतागून म्हणाला, आजोबा, सरकारला तुमचे डोळे पाहिजेत. घरात फोटो एकही नव्हता. आईवडिलांचाही नाही.

मला या सगळ्याची गंमत वाटायची. लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या नकला करायचो. त्या मी ज्या दिवशी थांबवल्या, तो दिवस मला चांगला आठवतो.

श्रावण संपला होता. दुपारी काकांनी मला आत बोलावलं. धाकटे काका परसात भेंडीच्या वाफ्यात काम करत होते. काकांनी पत्र्याची ट्रंक उघडली आणि तळातून एक शर्ट काढला. एके काळी पांढरा असावा. जागोजागी काट्यांनी ओढून धागे निघालेले. तो त्यांनी कापायच्या टेबलावर पालथा पसरला, हाताने सारखा केला.

"खांदे बघ."

मी बघितले. मला शर्टासारखा शर्ट दिसला.

त्यांनी टेप लावली. गळ्यापासून बाहीपर्यंतचा उतार दोन्ही बाजूंना मोजला. उजव्या बाजूला अर्धा इंच जास्त होता.

"माणसाचे दोन खांदे सारखे नसतात," ते म्हणाले. "एखादा उतरता असतो. चांगला शिंपी तिथं तेवढं कापड कमी करतो, म्हणून शर्ट वर गोळा होत नाय. हा माझ्या भावाचा. एकोणीस वर्षांचा असताना मी शिवलेला. त्याचा उजवा उतरता होता."

मग खिडकीकडे बोट केलं. "आता त्याला बघ."

धाकटे काका पाठमोरे वाकलेले होते. ते सरळ झाले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले. त्यांचा डावा खांदा खाली होता. तीन वर्षं मी त्या माणसाच्या घरात राहत होतो, आणि हे मला कधीच दिसलं नव्हतं. त्यानंतर मात्र त्यांच्याकडे बघताना मला त्याशिवाय दुसरं काही दिसेना.

काकांनी जे सांगितलं ते असं. पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शेजाऱ्यांची म्हैस चुकली म्हणून भाऊ मागच्या डोंगराकडे शोधायला गेला. म्हैस संध्याकाळी आपली आपण परत आली. भाऊ आला नाही. दुसऱ्या दिवशी काका पोलीस चौकीत गेले. हवालदाराने कागद घेतला आणि विचारलं, रंग, उंची, बांधा, ओळखीची खूण.

"मला मनातून बरंच वाटलं बघ," काका म्हणाले. "भाऊ हरवलाय आणि मला बरं वाटतंय. कारण मी शिंपी. माझ्याएवढं कुणाला सांगता येणार? उंची सांगितली, छाती, कंबर, बाही, सगळं इंचात. तो हवालदार बघतच राहिला. खूण विचारली तेव्हा म्हटलं, डावा खांदा उतरता."

"डावा?"

"तेव्हा मी समोरनं माप घ्यायचो. गिऱ्हाईक समोर उभं असलं की त्याचा उजवा तो आपला डावा. वहीत लिहिताना मी फिरवून लिहायचो, रोजची सवय. त्या दिवशी डोळ्यासमोर भाऊ उभा केला आणि बघून सांगितलं. फिरवायचं राहिलं." त्यांनी टेप गुंडाळली. "रात्री आडवा झालो तेव्हा ध्यानात आलं. म्हटलं, उद्या जाऊन सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, खांद्याचं काय एवढं. नाय गेलो."

चौथ्या दिवशी डोंगरावरच्या करवंदीच्या जाळीत शर्ट सापडला. सगळ्यांनी आशा सोडली. काका म्हणाले, ग्रंथातल्या योसेफाच्या बापाला सुद्धा मुलाचा अंगरखाच आणून दाखवला होता. त्याने ओळखला आणि मुलगा मेला असं धरून रडत बसला. मुलगा जिवंत होता. नवव्या दिवशी सकाळी त्यांचाही भाऊ दारात उभा होता, उघडा, अंगभर ओरखडे. आईला मोतीबिंदूमुळे जवळपास दिसत नव्हतं. तिने त्याचे हात चाचपले आणि म्हणाली, हाच तो.

"आणि मी बघितलं," काका म्हणाले, "तर डावा खांदा उतरता."

मी लॅबमध्ये काम करणारा माणूस. म्हटलं, "काका, डोंगरात पडले असतील. खांद्याचं हाड मोडून वाकडं जुळलं की खांदा उतरतो. माझ्या मामाचा झालाय."

"मला पण वाटलं तसं. डावा उतरला, कबूल." त्यांनी टेबलावरच्या शर्टावर हात ठेवला. "उजवा वर कसा गेला?"

परसातून धाकटे काका भेंड्या घेऊन आत आले. काकांनी शर्टाची घडी करून ट्रंकेत टाकली आणि तिघांनी मिळून चहा प्यायला.

यानंतर मी हे सगळं पडताळून बघायचा थोडा प्रयत्न केला. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतून एक म्हातारी बाई टोपलीत रानभाज्या घेऊन यायची. काका तिच्याकडूनच भाजी घेत. एकदा ती ओटीवर टेकलेली असताना मी तिला त्या वर्षाबद्दल विचारलं. ती तेव्हा लहान होती. म्हणाली, "माज्या आयनं बगितला हुता त्याला. म्हशीमागं गेला तवा."

"मग वाट कशी चुकली?"

"वाट नाय चुकला. दोगं हुते."

"दोघं कोण?"

"आता कोन ते काय म्हायती. आय म्हनायची, वर जाताना दोगं दिसलं, एकामागं एक, सारख्याच चालीनं. तिला वाटलं भाऊ-भाऊ हायती. खाली येताना एकच दिसला." तिने पालेभाजीची जुडी माझ्या हातात दिली. "ह्या घरच्यांना सांगू नको. त्यांना म्हायती हाय, पन सांगू नको."

काका दुकानात होते. धाकटे काका आत भांडी घासत होते आणि भांड्यांचा आवाज मधेच थांबला होता.

धाकट्या काकांबद्दल मी फारसं सांगितलेलं नाही, कारण ते फारसं बोलतच नसत. घरातला स्वयंपाक ते करायचे, पाणी ते भरायचे. मला ताप आला तेव्हा आठवडाभर पेज घेऊन माडीवर ते यायचे. काका त्यांच्याशी प्रेमाने वागत, जेवताना आपल्या ताटातला माशाचा मधला तुकडा त्यांना वाढत. "आपण लहानपणी ओढ्यावर कसं केलं, आठवतं का रं?" असं काका दिवसातून एकदा तरी विचारायचे आणि धाकटे हसून म्हणायचे, "हो."

दरवर्षी त्यांच्या नव्या वर्षाच्या सणाला काका धाकट्यांसाठी एक पांढरा शर्ट शिवायचे. तो कधी नीट बसायचा नाही. गळ्याशी एका बाजूला कापड गोळा व्हायचं, दुसऱ्या बाजूला ओढ बसायची. पन्नास वर्षांत एक तक्रार न आलेला शिंपी, आणि सख्ख्या भावाचा शर्ट असा. मला कारण कळायला वेळ लागला. काका जुन्याच मापाने शिवत होते. उजव्या खांद्याला अर्धा इंच उतार. जो भाऊ म्हशीमागे गेला, त्याच्यासाठी ते दरवर्षी शर्ट शिवत होते आणि जो परत आला तो ते मुकाट्याने घालत होता.

इस्राएलला गेलेल्या त्यांच्या बहिणीचा मुलगा तिथून फोन करायचा. तिथे घर आहे, दवाखाना जवळ आहे, समाज आहे, दोघेही या. एकदा त्याने माणूस पाठवून कागदपत्रंसुद्धा करायला घेतली. काका टेबलाशी बसून स्वतःचा अर्ज लिहीत होते. तो पूर्ण झाला. मग धाकट्यांचा घेतला. नाव, बापाचं नाव, जन्मगाव. पुढच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं. अंगावरची ओळखीची खूण.

मी म्हटलं, "काहीही लिहा काका. गालावर तीळ लिहा. कोण बघतंय."

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. धाकटे काका समोरच उभे होते, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे. काकांनी पेनाला टोपण लावलं. "हितं काय वाईट हाय?" म्हणाले. कागद तसेच पडून राहिले आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांना वाळवी लागली. ते दोघे इथे का राहिले, याचं उत्तर एवढंच.

त्यांनी एकदा मला ग्रंथातली एक गोष्ट वाचून दाखवली होती. शौल राजा एका मांत्रिक बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर बोलवायला सांगतो. बाईला कुणीतरी जमिनीतून वर येताना दिसतं, राजाला दिसत नाही. राजा विचारतो, त्याचं रूप कसं आहे? ती म्हणते, एक म्हातारा येतोय, झगा पांघरलाय. आणि तेवढ्यावर राजा ओळखतो की हा शमुवेल.

"चेहरा नाय विचारला," काका म्हणाले. "झग्यावरनं ओळखला. आणि मी एवढा शिंपी असून मला सांगता येत नाय, माझ्या घरात जेवतो तो कोण." हे ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नाहीत. हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले.

शेवटच्या वर्षी सणाच्या आधी आठ दिवस त्यांनी धाकट्यांना हाक मारली. मी पहिल्या पाळीहून नुकताच आलो होतो. काकांनी टेप गळ्यातून काढली. "उभा राहा."

धाकटे काका उभे राहिले. काका नेहमीसारखे मागे गेले नाहीत. समोर उभे राहिले आणि मापं घेऊ लागले, अगदी हळू, प्रत्येक आकडा मोठ्याने बोलत. छाती अमुक, बाही अमुक. मी त्यांना आकडा बोलताना पहिल्यांदाच ऐकत होतो. खांद्याशी आले. दोन्ही खांद्यांवर तळवे ठेवले.

"डावा," ते म्हणाले. "अर्धा इंच."

काकांनी वही घेतली आणि तो आकडा लिहिला. मी डोकावून बघितलं. मराठीत लिहिला होता.

तो शर्ट धाकट्यांना इतका नेमका बसला की ते सणाच्या दिवशी दुपारपर्यंत हात जपून हलवत होते.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी काका दुकानातच वारले. भर दुपारी. शेजारच्या केशकर्तनालयवाल्याला मशीनचा आवाज बराच वेळ आला नाही म्हणून तो बघायला गेला, तर डोकं मशीनवर टेकलेलं. मला कंपनीत फोन आला. मी पोहोचेपर्यंत त्यांना घरी आणलं होतं आणि धाकटे काका उशाशी बसले होते. पनवेलहून त्यांच्या समाजाची माणसं टेंपो करून आली. मी ओटीवरच थांबलो. आत त्यांनी स्नान घातलं, पांढरं कफन चढवलं.

मग हजान, म्हणजे त्यांची प्रार्थना चालवणारे गृहस्थ, बाहेर आले. हातात लहान पातं होतं. त्यांच्यात जवळचा माणूस गेला की सख्ख्या नातेवाइकाने अंगातला कपडा छातीशी फाडायचा असतो. हजानांनी विचारलं, "सख्खं कोण?"

सगळे धाकट्यांकडे बघत होते. ते भिंतीला टेकून उभे होते, अंगात तोच शर्ट. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला भीती वाटली. मला वाटलं, हा माणूस आता खरं काय ते सगळ्यांसमोर सांगणार.

"तुम्हीच ना?" हजान म्हणाले.

"मीच," धाकटे काका म्हणाले आणि पुढे आले. हजानांनी पात्याने चीर दिली. पुढचं त्यांनी स्वतःच्या हाताने फाडलं.

सात दिवस ते जमिनीवर चटई टाकून बसले. शेजारची घरं जेवण आणून देत होती. मी रोज पाळी संपली की खाली जाऊन बसायचो. सहाव्या दिवशी दुपारी दुसरं कुणी नव्हतं. ते एकदम म्हणाले,

"तुला सांगितलेलं ना त्यानं? खांद्याचं."

मी मान हलवली.

"मला त्याच्या आधीचं काय आठवत नाय," ते म्हणाले. "कायच नाय. ओढ्यात बसलेलो, पाय पाण्यात. उजाडत होतं. अंगात शर्ट नाय. मी कोण, कुठला, काय ठाऊक नाय. पाणी जातंय तिकडं खाली चालत आलो. वाटेत एक जण भेटला, तो म्हणाला, अरे, तू शिंप्याचा भाऊ, तुला सगळे शोधतायत. मला हितं आणून सोडला. म्हातारी दारात बसलेली. तिनं हात चाचपले. म्हणाली, आत ये. मला भूक लागलेली. मी आत आलो."

"आणि तेव्हापासून..."

"तो लहानपणच्या गोष्टी सांगायचा, मी हो म्हणायचो. हजारदा ऐकून आता त्या मला दिसतात सुद्धा. पण दिसतात त्या त्याच्या तोंडच्या. माझं असं तिथं काय नाय."

"त्यांना सांगितलं का नाही कधी?"

"सांगणार होतो. तेव्हा म्हातारी होती, तिला काय सांगू? ती गेल्यावर बघितलं, तर ह्याला माझ्याशिवाय कुणीच नव्हतं." त्यांनी फाटलेल्या शर्टाची दोन टोकं एकमेकांवर ओढली. "मी तोच असंन पण. डोक्याला मार लागून विसरलो असंन. डॉक्टर म्हणतात, होतं असं."

मी म्हटलं, "हो, होतं. तुम्ही तेच आहात, काका."

बाहेर ऊन कलत होतं. हायवेवरून टँकर जात होते, त्यांचा आवाज घरात येऊन विरत होता. मी उठलो, ताट आत ठेवलं, तांब्या भरून त्यांच्याजवळ ठेवला. वाळू घातलेले कपडे आत घेतले. दारापाशी पोहोचलो आणि सवयीने कडीला हात घातला.

"कडी नको लावू," ते मागून म्हणाले. "मी कधी लावत नाय. तो डोंगरावरनं आला, तर त्याला बाहेर उभं राहायला नको."

मी दार नुसतं लोटून घेतलं आणि माडीवर गेलो.